बोल्टच्या डोक्यावरचे दोन आकडे : गाडीच्या सस्पेन्शनला कोणता बोल्ट?



आपल्या मोशीत, जाधववाडीत किंवा पुढे चाकणपर्यंत कुठल्याही शाळेत आठवी-नववीच्या वर्गाला एक प्रश्न विचारून बघा. "घरातलं कोण कोण गाड्यांच्या कंपनीत किंवा सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे?" भराभर हात वर होतात. मग दुसरा प्रश्न विचारा. "बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं काहीतरी कोरलेलं असतं, त्याचा अर्थ काय?" आता हात खाली जातात. काही मुलं म्हणतात, तो साइज असेल. काही म्हणतात, किंमत. एखादा म्हणतो, बाई, पप्पांना विचारून सांगतो. आणि पप्पा रोज शंभर बोल्ट आवळत असले तरी त्यांनाही तो अर्थ माहीत असेलच असं नाही, कारण कंपनीत बोल्ट कोणता लावायचा ते आधीच ठरलेलं असतं.

आजचा पाठ या दोन आकड्यांचा आहे. टक्केवारी, क्षेत्रफळ, बल, दाब आणि घर्षण एवढं येत असलं की पुरे. आठवीच्या सामान्य विज्ञानात 'बल व दाब' हा धडा आहेच, त्याला जोडून हा पाठ छान घेता येतो.

पण हा नुसता वर्गातला पाठ नाही. पालकांनीही वाचावा असं मुद्दाम म्हणतेय. गाडी सात-आठ वर्षांची झाली की पुढच्या चाकाजवळून खड्ड्यात 'खट्' आवाज यायला लागतो. गॅरेजवाला सांगतो, लोअर आर्मचा बुश गेलाय, आर्म बदलावा लागेल. जुना बोल्ट गंजून बुशच्या नळीत चिकटलेला असतो, तो गॅसने कापून काढतात. मग एक पोरगा सायकलवर टांग टाकून जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि म्हणतो, "एकोणीसच्या पान्याचा, एवढा लांब बोल्ट द्या." दुकानदार देतो. बोल्ट भोकात बसतो, नट फिरतो, गाडी बाहेर निघते. त्या गाडीत बसून आपण पोराबाळांसह नाशिक रस्त्याने गावाला जातो. त्या दोन मिनिटांत बोल्टचा व्यास आणि लांबी पाहिली गेली. डोक्यावरचे आकडे कोणी वाचलेच नाहीत.

आधी सस्पेन्शन थोडक्यात

चाक गाडीला थेट जोडलेलं नसतं. मध्ये स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाला जागेवर धरून ठेवणारे लोखंडी हात असतात. आपल्या पिंपरीत बनलेली इंडिका १९९८ मध्ये लोकांसमोर आली. तिच्या पुढच्या चाकांना वर मॅकफर्सन स्ट्रट आणि खाली विशबोन आकाराचा हात होता. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे साधारण अशीच रचना असते. खालच्या हाताला आपण लोअर आर्म म्हणतो. तो गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे रबरी बुश असतो. बुशच्या मधोमध एक लोखंडी नळी असते. सांगाड्याला दोन कान असतात, त्या दोन कानांच्या मध्ये ही नळी बसते आणि आरपार एक बोल्ट जातो.

वर्गात हे फळ्यावर काढून दाखवा. दोन कान, मध्ये नळी, आरपार बोल्ट. पुढचं सगळं या चित्रावरच आहे.

८.८ म्हणजे काय?

पहिला आकडा आहे ८. त्याला १०० ने गुणा. ८०० आले. म्हणजे या पोलादाच्या एका चौरस मिलिमीटरला ओढून तोडायला साधारण ८०० न्यूटन बल लागतं. मुलांना असं सांगा : पेन्सिलच्या टोकाएवढ्या जागेवर ८० किलोचा माणूस लोंबकळला तर ती तार तुटायच्या बेतात येईल.

टिंबानंतरचा ८ म्हणजे दहातले आठ, म्हणजेच ८० टक्के. ८०० चे ८० टक्के ६४०. एवढ्या ताणापर्यंत बोल्ट रबरासारखा वागतो, सोडला की मूळ लांबीला परत येतो. त्यापुढे गेला की कायमचा लांबतो. मूळ जागी येत नाही.

आता मुलांकडून करून घ्या. १०.९ म्हणजे १००० आणि त्याच्या ९० टक्के, ९००. १२.९ म्हणजे १२०० आणि १०८०. साधा ४.६ म्हणजे ४०० आणि २४०. दुकानात ज्याला 'एमएस बोल्ट' म्हणतात तो साधारण या शेवटच्या घरातला. ८.८ आणि त्याच्या वरचे म्हणजे 'हायटेन्साइल'. बरेच जण त्याला 'हायटेन्शन बोल्ट' म्हणतात आणि दुकानदारालाही ते बरोबर कळतं, त्यामुळे तिथे भाषाशुद्धी करत बसू नका.

हे आकडे जगभर सारखेच आहेत. भारतीय मानकात ते आयएस १३६७ मध्ये येतात. कोरलेले मात्र इंग्रजी अंकांत असतात, आणि शेजारी बनवणाऱ्या कंपनीची खूणही असावी लागते. जाड षटकोनी बोल्टच्या डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल, तर त्याच्या ताकदीबद्दल कोणीच हमी घेतलेली नाही असं समजायचं.

"तुटत नाही ना, मग झालं!"

आता पाठाचा गाभा. इथे घाई करू नका, एक तास पूर्ण द्या.

बहुतेकांच्या डोक्यात असं चित्र असतं की बोल्ट हा खिळ्यासारखा आहे. आर्म त्याच्यावर लटकलेला आहे, खड्डा आला की आर्म बोल्टला कात्रीसारखा कापायला बघतो, आणि बोल्ट तुटला नाही म्हणजे तो पुरेसा मजबूत. या चित्राने हिशोब करून बघू.

१२ मिलिमीटरचा बोल्ट घेऊ, म्हणजे एम१२. आट्यांमुळे त्याचं कामाचं क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलिमीटर धरतात. खड्ड्यात त्या सांध्यावर आडवं ९,००० न्यूटन बल आलं असं समजू. हा आकडा फक्त गणितासाठी धरलाय, प्रत्येक गाडीत तो वेगळा असेल. पोलाद कापायला लागणारं बल ओढून तोडायच्या बलाच्या साधारण ०.६ पट असतं. आपण मुद्दाम सगळ्यात साधा, ४.६ चा बोल्ट घेऊ. ४०० गुणिले ०.६ गुणिले ८४.३, उत्तर सुमारे २०,२०० न्यूटन. आर्म दोन कानांच्या मध्ये असल्यामुळे बोल्ट दोन ठिकाणी कापला जायला हवा, म्हणून दुप्पट. ४०,४०० न्यूटन.

लागणारं बल ९,०००, बोल्ट सहन करणार ४०,०००. चौपटीहून जास्त! मुलं लगेच म्हणतील, मग साधा बोल्ट चालतोच की. गॅरेजमधला पोरगाही हेच म्हणतो, आणि त्याचं गणित चुकलेलं नाही.

चुकलंय ते चित्र. सस्पेन्शनमधला बोल्ट खिळा नाही, तो चिमटा आहे. नट आवळल्यावर बोल्ट ताणला जातो. १०.९ चा एम१२ बोल्ट व्यवस्थित आवळला, तर ६० मिलिमीटर लांबीत तो साधारण ०.१८ मिलिमीटर लांबतो. दोन-तीन केसांच्या जाडीएवढाच. पण तेवढ्या ताणाने तो दोन्ही कानांना आत खेचतो आणि कान मधल्या नळीला करकचून दाबून धरतात. खड्ड्याचं बल नळी आणि कान यांच्यातलं घर्षण पेलतं. सगळं नीट असेल तर नळी केसभरही सरकत नाही आणि ते आडवं बल बोल्टच्या दांड्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून प्रश्न बदलतो. 'बोल्ट किती बलाने तुटेल' याऐवजी 'बोल्ट किती पकड देईल' असं विचारायला हवं.

पुन्हा हिशोब. बोल्टवर कायमचा बदल न होता जेवढा भार टाकता येतो असं मानकात दिलंय, त्याला प्रूफ लोड म्हणतात. प्रत्येक चौरस मिलिमीटरला ४.६ साठी २२५ न्यूटन, ८.८ साठी ५८०, १०.९ साठी ८३०. नेहमीच्या कामात त्याच्या सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत आवळतात.

४.६ चा एम१२ : ८४.३ गुणिले २२५, सुमारे १९,००० न्यूटन. त्याच्या ७५ टक्के १४,२००.
८.८ चा : ४८,९०० आणि ३६,७००.
१०.९ चा : ७०,००० आणि ५२,५००.

ही झाली पकड. आता घर्षण. लोखंडावर लोखंड, थोडा रंग, थोडी धूळ, म्हणून घर्षणाचा गुणांक ०.१५ घेऊ. नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक कान आहे, म्हणून दोनदा. १०.९ च्या बोल्टने नळी १५,७५० न्यूटनपर्यंत जागची हलणार नाही. ८.८ ने ११,००० पर्यंत. आणि ४.६ ने? फक्त सुमारे ४,२५०.

खड्ड्याचं बल आपण ९,००० धरलं होतं. म्हणजे जो साधा बोल्ट मघाशी चौपट मजबूत वाटत होता, त्याच्या पकडीतली नळी प्रत्येक खड्ड्यात सरकणार.

सरकली तर काय होतं? नळी एकदा इकडे, एकदा तिकडे. बोल्टचा दांडा आता खरंच घासला जातो, वाकवला जातो. भोक लंबगोल व्हायला लागतं. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोग करून दाखवलं की आडवी सरक सुरू झाली की आवळलेला नट आपोआप उलटा फिरायला लागतो. त्यांच्या पद्धतीच्या चाचण्यांत आपला लाडका स्प्रिंग वॉशरही फारसं काही थांबवू शकत नाही. पकड कमी झाली की सरक वाढते, सरक वाढली की पकड आणखी कमी होते. शेवटी हजारो वेळा वाकून वाकून धातू थकतो आणि बोल्ट तुटतो. ४०,००० न्यूटनला न तुटणारा बोल्ट ९,००० न्यूटनला तुटतो, फक्त काही महिन्यांनी. तोपर्यंत गॅरेजचं बिल कोणाच्या लक्षातही नसतं.

एखादी हुशार मुलगी विचारेल, बाई, ८.८ चालतो की, ११,००० हे ९,००० पेक्षा जास्तच आहेत. प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर पान्यात आहे.

पाना किती खरं बोलतो?

पकड आपल्याला दिसत नाही. आपण फक्त पाना फिरवतो. पान्याने दिलेलं पिळाचं बल म्हणजे टॉर्क. त्यातला साधारण निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. आपल्याला हवे असतात ते हेच दहा टक्के! त्यामुळे आटे कोरडे, गंजलेले की तेलकट, एवढ्यावरून पकड खूप बदलते. टॉर्क रेंच वापरूनही मिळणारी पकड २५-३० टक्के इकडे तिकडे होऊ शकते.

मग ८.८ चा हिशोब पुन्हा करा. ११,००० मधून ३० टक्के वजा केले तर ७,७०० उरले. खड्ड्याचे ९,०००. सरकणार. १०.९ च्या १५,७५० मधून ३० टक्के गेले तरी ११,००० च्या वर उरतात. आपल्या या मांडलेल्या उदाहरणात म्हणूनच १०.९ हवा. कारखान्यातले अभियंते हाच विचार आणखी खोलात करतात, मग ते भाग चाचणीला जातात. त्यासाठी पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही संस्था आहे, आणि आपल्या शेजारी भोसरीत नाशिक रस्त्यालगत सीआयआरटी आहे. बसने जाताना मुलांना ती पाटी दाखवा.

टॉर्कचं ढोबळ सूत्र सोपं आहे : ०.२ गुणिले पकड गुणिले बोल्टचा व्यास मीटरमध्ये. १०.९ च्या एम१२ साठी ०.२ × ५२,५०० × ०.०१२, म्हणजे १२६ न्यूटन-मीटर. पाना ४० सेंटिमीटर लांब असेल तर टोकाला ३१५ न्यूटन, म्हणजे सुमारे ३२ किलो वजनाएवढा जोर. ८.८ साठी हेच उत्तर ८८ येतं, आणि ४.६ साठी फक्त ३४.

आता गंमत बघा. गाडीच्या पुस्तकात १२६ लिहिलंय आणि लावलाय ४.६ चा बोल्ट. तेवढा टॉर्क दिला तर तो पाना फिरवता फिरवताच लांबेल आणि तुटेल, कारण ५२,५०० न्यूटन पकड सोडाच, तो ३३,७०० लाच तुटणारा. फिटरच्या हाताला ते मऊ होणं कळतं आणि तो थांबतो. म्हणतो, "बास, टाइट झाला." बोल्ट वाचला, पकड गेली. ८.८ चा असेल तर १२६ ला तो कायमचा लांबण्याच्या उंबरठ्यावर उभा असतो.

पकडीचं महत्त्व मोठ्या कंपन्यांनाही विसरून चालत नाही. अमेरिकेतल्या रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये १२ हजारांहून जास्त गाड्या परत तपासायला बोलावल्या. तोपर्यंत तिने बनवलेल्या जवळजवळ सगळ्याच. कारण काय? पुढच्या सस्पेन्शनचा वरचा हात जिथे जोडतात तिथला एक बोल्ट काही गाड्यांत पुरेसा आवळला गेला नसण्याची शक्यता होती.

तुमच्यापैकी जे पालक असेंब्ली लाइनवर आहेत त्यांना आवळल्यावर बोल्टवर मारायची ती पेनाची रेघ माहीत असेल. मुलांना तिचा अर्थ घरी समजावून सांगा. वर्गात बाईंनी सांगण्यापेक्षा पप्पांनी किंवा आईने सांगितलेलं जास्त लक्षात राहतं.

"मग सरळ सगळ्यात भारी, १२.९ घेऊ!"

हा दुसरा हमखास प्रश्न, आणि हा पहिल्यापेक्षा जास्त फसवा आहे, कारण त्यामागे काळजी असते. पैसे जास्त गेले तरी चालतील, पण पोराबाळांची गाडी आहे, भारीतला भारी लावा.

पहिली गोष्ट, १२.९ चा बोल्ट ८.८ पेक्षा 'ताठ' नसतो. पोलाद कुठलंही असो, सारख्या बलाने ते जवळजवळ सारखंच लांबतं. फरक पडतो तो किती पुढपर्यंत लांबून परत येतं यात. त्यामुळे १२.९ चा बोल्ट लावून पूर्वीइतकाच टॉर्क दिला तर पकड पूर्वीइतकीच. जास्तीचे पैसे फुकट.

मग टॉर्क वाढवला तर? सांगाड्याला आत वेल्ड केलेला नट १०.९ च्या जोडीचा आहे, त्याचे आटे जातील. कान आणि नळी त्या दाबासाठी बनवलेली नाहीत, ती चेपतील. नटाचाही वर्ग असतो हे इथे सांगून टाका : ८.८ ला ८ चा नट, १०.९ ला १० चा. भारी बोल्टला हलका नट म्हणजे नवी साखळी आणि जुनी कडी.

दुसरी गोष्ट ठिसूळपणाची. तुटण्याआधी ४.६ चा बोल्ट २२ टक्के लांबतो, ८.८ चा १२, १०.९ चा ९ आणि १२.९ चा ८ टक्के. मानकात हे किमान आकडे आहेत. ताकद वाढते तशी माफी कमी होते.

आणि तिसरी, जिच्याबद्दल दुकानात कोणीच बोलत नाही. खूप कडक पोलादाला चमकदार झिंकचा मुलामा देताना, किंवा नंतर गंज चढताना, हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात. बोल्ट आवळून ठेवला की काही तासांनी, कधी काही दिवसांनी, कोणी हात न लावता तो तडकतो. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागात असंच घडलं. तिथे तीन इंच जाडीच्या ९६ जस्त चढवलेल्या पोलादी सळ्या एका जागी बसवलेल्या होत्या. मार्च २०१३ मध्ये त्या ताणल्यानंतर थोड्याच दिवसांत ३२ सळ्या तुटल्या. त्या साधारण आपल्या १०.९ च्या तोडीच्या होत्या आणि त्यांच्या भोकांत पाणी साचून राहिलेलं होतं. १२.९ तर त्याहून कडक. गाडीच्या खाली पावसाळाभर चिखल-पाणी असतं. म्हणून झिंक चढवलेला चकचकीत १२.९ चा बोल्ट सस्पेन्शनमध्ये नको. गाड्यांच्या १०.९ च्या बोल्टवर बऱ्याचदा राखाडी, फिकट लेप दिसतो. तो झिंकच्या पापुद्र्यांचा असतो, विजेने चढवलेला नसतो, म्हणून हायड्रोजनचा धोका टळतो. दिसायला तो बोल्ट जुनाट वाटतो. वाटू दे.

स्टेनलेसचंही तसंच. गंजत नाही म्हणून काही जण हौसेने स्टेनलेसचे बोल्ट लावतात. त्यावर ए२-७० लिहिलेलं असतं. ७० म्हणजे ७००, आणि कायमचा लांबण्याची मर्यादा फक्त ४५०. म्हणजे तो ८.८ च्याही खाली. नंबर प्लेटला लावा, आर्मला नको.

तर निवडायचा कसा?

निवड गाडी बनवणाऱ्याने आधीच केलेली असते, आपण ती वाचायची. जुना बोल्ट टाकून देऊ नका, त्याचं डोकं पुसून आकडा वाचा. तोच वर्ग, तोच व्यास, तीच लांबी, तेच आटे. आट्यांकडे विशेष लक्ष द्या. एम१२ मध्ये १.७५, १.५ आणि १.२५ असे वेगवेगळे आटे मिळतात, आणि गाड्यांत बारीक आटे बऱ्याचदा असतात. जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, चार सुती म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो एम१२ च्या जवळचा वाटतो, पण तो एम१२ नव्हे. पान्याच्या नंबरवरूनही मागू नका, एकोणीसचा पाना हे डोक्याचं माप आहे, बोल्टचं नाही. एम१२ चं डोकं कुठे १९, कुठे १८, कुठे १७ असतं.

बोल्टचा गुळगुळीत दांडा कानाच्या भोकात यावा, आटे येऊ नयेत, म्हणूनही मूळ लांबीचाच हवा. शक्यतो कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातूनच घ्या, आर्मच्या किमतीपुढे बोल्टची किंमत काहीच नसते. काही गाड्यांच्या पुस्तकात हे बोल्ट एकदाच वापरायचे असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे जुना परत लावायचा नाही.

गॅसने तापवलेला बोल्टही परत नको. ८.८ च्या वरचे बोल्ट लाल तापवून, विझवून, मग साधारण सव्वाचारशे अंश सेल्सिअसच्या वर पुन्हा तापवून तयार केलेले असतात. सगळी ताकद त्या प्रक्रियेतून आलेली असते. गॅसच्या ज्वाळेत लाल झाला की डोक्यावर १०.९ तसंच राहतं, आतलं पोलाद मात्र १०.९ राहत नाही.

आणखी एक. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडीचं वजन चाकांवर असायला हवं. जॅकवर आर्म खाली लोंबत असतो. तिथेच आवळला तर गाडी खाली घेतल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. गॅरेजवाल्याला हे दटावून सांगू नका. "दादा, शेवटचा टाइट गाडी खाली घेऊन करता का, आणि टॉर्क रेंचने?" एवढं विचारलं की चांगला मिस्त्री समजून जातो की गिऱ्हाईक बघतंय.

वर्गात करून बघण्यासारखं

कागदाची एक पट्टी दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये ठेवा. वरून एक मोठा पोस्टर क्लिप लावा आणि कागदाची पट्टी ताणकाट्याने ओढा. सरकते त्या क्षणाचा आकडा लिहा. मग दोन क्लिप, मग तीन. पट्ट्या आहेत सांगाड्याचे कान, कागद म्हणजे बुशची नळी, क्लिप म्हणजे बोल्टची पकड. मग कागदाला थोडं तेल लावून पुन्हा करा. क्लिप तेवढेच, आकडा घसरतो. पकड आणि तुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना इथे पटतं, कारण यात काहीही तुटत नाही, फक्त निसटतं.

दुसरं, प्रत्येकाला घरून किंवा ओळखीच्या गॅरेजमधून एक टाकाऊ बोल्ट आणायला सांगा. हात कापणार नाहीत, ग्रीस कपड्यांना लागणार नाही एवढी सूचना आधीच द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी आयांचे फोन येतात. बोल्ट पुसून डोकं वाचायचं आणि वहीत तक्ता करायचा : व्यास, वर्ग, कंपनीची खूण, तुटण्याचा ताण, कायमचा लांबण्याचा ताण. काहीच न लिहिलेले बोल्ट वेगळ्या डब्यात.

गृहपाठाला एक उदाहरण द्या. एम१० चं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर. ८.८ आणि १०.९ दोन्हींची ७५ टक्क्यांची पकड आणि टॉर्क काढा. तपासण्यासाठी उत्तरं देऊन ठेवते : ८.८ ची पकड सुमारे २५,२०० न्यूटन, टॉर्क ५० न्यूटन-मीटर. १०.९ ची पकड सुमारे ३६,१०० न्यूटन आणि टॉर्क ७२. हे आकडे वहीपुरतेच. गाडीला लावताना गाडीच्या पुस्तकातला टॉर्क घ्यायचा, कारण लेप आणि आटे बदलले की सूत्रातलं ते ०.२ सुद्धा बदलतं.